अप्पाची घोंगडी, पुढचा भाग

आमच्या ठाणाकुशनूरात जेवढी माणसं राहतेत, तेच्या कितीतरी पट माणसं माझ्या भावाला मोबाइलमधी बघतेत. बिरप्पाच्या जत्रंत एक अनोळखी पोरगी माझ्यापाशी आली अन् मनली, "तुम्ही घोंगडीवाल्या महांतेशदादांची अक्का ना? किती गोड बोलतात हो दादा!" मी मनले, "व्हय बाई, बोलायचंच काम करतो तो." तिला काय ते कळलं न्हाई. हसली, माझ्यासंगं फोटो काढला अन् गेली.

मी तुळजा, महांतेशची थोरली बहीण. मला गावातच दिलंय, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. तवा माहेरात काय शिजायलंय अन् काय करपायलंय ते मला बसल्या जागी कळतं. मी सांगायले ते डोळ्यानं बघितलेलं हाय, ऐकीव न्हाई. माझी जीभ तिखट हाय आसं सासरचे मनतेत. आसंल. पर खोटी न्हाई.

आमी मूळचे मेंढरवाले. आज्यापाशी मोठा कळप व्हता, अप्पापाशी, मनजे माझ्या बापापाशी, मूठभर मेंढरं राहिली, अन् चरायला रानच उरलं न्हाई तवा तीबी इकावी लागली. शेवटच्या कातरणीची लोकर अप्पानं एका पोत्यात भरून आढ्याला टांगून ठेवली व्हती. त्या पोत्याला कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. पोट मागावर चालायचं. घोंगडीचा माग मनजे जमिनीत खड्डा; खड्ड्यात पाय सोडून बसायचं, अन् पुढं ताणलेल्या उभ्या सुतातून धोटा इकडून तिकडं फेकायचा. माझी माय अनसाबाई चरख्यावर सूत काढायची अन् माझा बाप पिराप्पा विणायचा. औरादच्या बाजारात मेंढपाळ घोंगडी हातात घ्यायचे, डोळे मिटून चोळायचे अन् मनायचे, "ही पिराप्पाची." पावसात रानात बसून राहिलं तरी आतला माणूस कोरडा, आसं काम.

महांतेश आधी हैदराबादला सेंट्रिंगच्या कामाला व्हता. अप्पाला दम्यानं धरलं तवा परत आला अन् खड्ड्यात पाय सोडून बसला. खोटं कामून बोलू, हात अप्पाचाच व्हता. वीण घट्ट, काठ सरळ. अप्पा खाटंवरून बघायचा अन् मान डोलवायचा, "बसला रं, हात बसला." शाळेत मास्तरानं कान पिळून पिळून लाल केलेलं हे पोरगं मागावर कसं शाण्यावानी बसायचं, ते बघून मायच्या डोळ्याला पाणी यायचं. मी तर गावभर सांगत हिंडायचे.

मग एक दिस तेनं मायचा व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकला. मायचे सुरकुतलेले हात, लोकर, चरखा, सूत. बास, एवढंच. तो व्हिडिओ काय पळाला मनता! पुण्याहून फोन, नागपूरहून फोन, "आम्हाला घोंगडी पाहिजे." कुरिअरवाला दारात यायला लागला. अगं बया, आमच्या दारात कुरिअर! मायनं तेला बसवून च्या पाजला. मीबी जावंला हाताला धरून आणून दाखवलं, "बघ, माझा भाऊ." तवा मोबाइल वाईट आसं मी मनतच न्हाई. मोबाइलनं धंदा आणला. पर आणलेला धंदा करायला माणूस मागावर पाहिजे का नको?

माग एक, विणणारा एक. घोंगडी काय पापड न्हाई, लाटला की वाळत घातला. पर महांतेशचा दिस कसा जायचा ते सांगते. सकाळी उठला की डोळे चोळायच्या आधी मोबाइल. किती जणांनी बघितलं, कोण काय मनलं. मग एकेकाला उत्तर. "धन्यवाद ताई." "नमस्कार सर." "लवकरच." हे 'लवकरच' तेचं लई लाडकं. मग मागावर बसायचा, दोन-चार हात मारायचा, मोबाइल वाजला की धोटा सुतात तसाच सोडून बाहेर. ऊन चांगलं पडलंय मनून एक व्हिडिओ, ऊन गेलं मनून दुसरा. जेवायला बसला तर भाकरीचा. श्रीदेवी, माझी भावजय, भालकीकडची शाणी पोरगी. ती मनायची, "अवो, धंद्यासाठी मोबाइल हाय का मोबाइलसाठी धंदा?" तर मनायचा, "तुला मार्केटिंग कळत न्हाई." आला मोठा मार्केटिंगवाला! मोबाइलवरच कुण्या एका सराचा क्लास लावला व्हता तेनं. ते सर सांगायचे, रोज तीनदा दिसा, सगळ्यांना उत्तर द्या, लोकांना वाट बघायला लावा. बाकीचं जमलं न जमलं, वाट बघायला लावायचं आमच्या महांतेशला लगीच जमलं.

वाट बघणाऱ्यात पहिला गुरप्पाकाका. अप्पाचा जुना जोडीदार. गावात अजून मेंढरं राखणारा तेवढा एकच म्हातारा राहिलाय. तेच्या खांद्यावरची घोंगडी अप्पानंच विणलेली, लई जुनी, मधी विरून पार जाळी झालेली. दिवाळी सरली, थंडी सुटली, तवा तो दारात येऊन उभा राहिला. मी तिथंच लोकर इंचरत बसले व्हते.

"महांतेश, बाबा, एक घोंगडी दे. रानात गारठा लागायलाय."

महांतेशनं मान वर केली न्हाई. "काका, नंबरवर मेसेज टाका. लाइनीत नाव येतं. आधी पुण्याच्या ऑर्डरी हायेत."

गुरप्पाकाका माझ्याकडं बघायला लागला, परत तेच्याकडं. "मेसेज कामून टाकू? मी हितं समोर उभा हाव की."

"सगळ्यांना एकच नियम हाय काका."

"बरं बरं. मग कवा येऊ?"

"लवकरच."

म्हातारा बरं मनून गेला. मला आसा राग आला! मी मनले, "आरं, दारात उभा राहिलेला माणूस तुला दिसंना, अन् जिचं खरं नाव ठाऊक न्हाई तिला धन्यवाद मनायलास?" तर मनला, "अक्का, तू बोलू नको, तुला समजत न्हाई." आमच्या घरात मोबाइल आल्यापासून कुणालाच काय समजंना झालंय, एकट्या तेलाच तेवढं समजतं.

त्याच हप्त्यात अप्पानं आढ्याचं पोतं खाली काढायला लावलं.

आमच्या घरात एक रीत हाय. बाप थकला की पोरानं तेच्यासाठी आपल्या हातानं घोंगडी विणायची. बापानं ती जित्तेपणी पांघरायची, अन् गेला की तीच खाली अंथरून तेला न्यायचं. आज्यासाठी अप्पानं विणली व्हती. आजा ती पांघरून उन्हाला बसायचा अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला मनायचा, "बघ, पोरानं केलीय." मी लहान व्हते, पर मला तेचं ते तोंड आठवतं. आता अप्पा खाटंवर उठून बसला, दम खाल्ला अन् मनला, "महांतेश, ते पोतं काढ. माझ्या मेंढरांची लोकर हाय. ह्या थंडीत मला तेची घोंगडी पाहिजे." अप्पानं जन्मात कुणाला काय मागितलं न्हाई. मागितलं ते एवढंच.

घर कामाला लागलं. मायला आता नीट दिसत न्हाई, तरी बोटानं चाचपून चाचपून सूत काढलं. श्रीदेवीनं चिंचोके भाजले, भिजवले, वाटले अन् खळ शिजवली. सूत ताणून तेला खळ लावली, कुंच्यानं घासली, उन्हात वाळवली. खळीनं सूत कडक होतं, विणताना तुटत न्हाई. आसा तयार झालेला ताणा, मनजे उभी सुतं, मागावर चढला तवा अप्पा मनला, "आता थांबू नको. खळीचा ताणा मागावर बसवून ठेवायचा नसतो. चिंचोक्याच्या वासानं उंदरं येतेत." हे काय नवीन न्हाई, आमच्या घरातलं शेंबडं पोरगंबी जाणतं. नेटानं बसलं तर हप्त्यात घोंगडी उतरती.

"लगीच बसतो अप्पा," महांतेश मनला. अन् खिशातून मोबाइल काढला.

अप्पाला उशी लावून बसवलं. मागं माग, पुढं मोबाइल. "अप्पा, सांगा, ही घोंगडी कुणाची?" अप्पा बिचारा खोकत खोकत मनला, "माझी. माझा पोरगा विणायलाय. ही पांघरून झोपायचं, बास." खाली तेनं लिहिलं, 'अप्पाची घोंगडी, भाग पहिला'. झालं! लोक मोबाइलवर रडायला लागले. "अप्पा, बरे व्हा." "दादा, तुमच्यासारखा मुलगा सगळ्यांना मिळो." "पुढचा भाग कधी?" ते क्लासचे सर मनले मनं, हे सोनं हाय, पुरवून वापरा.

अन् माझ्या भावानं बापाची घोंगडी पुरवून पुरवून विणायला घेतली.

रोज वीतभर. वीतभर विणायचं, व्हिडिओ काढायचा, उठायचं. कवा तेवढंबी न्हाई, एकाच धोट्याचा व्हिडिओ चारी बाजूंनी. आदल्या दिशी विणलेलं उसवून परत विणताना मी ह्या डोळ्यानं बघितलं, कामून तर काल उजेड नीट नव्हता! उजेडासाठी अप्पाची खाट आतल्या खोलीतून काढून दाराच्या तोंडाला आणली. दारातून वारा सरळ छातीवर. मी माझ्या घरची जाड गोधडी आणून अप्पाच्या अंगावर टाकली, तर दुसऱ्या दिशी ती काढून ठेवलेली. रंगीबेरंगी दिसती, व्हिडिओत शोभत न्हाई. अप्पाच्या अंगावर एक पातळ पांढरी चादर. मी मनले, "आरं, म्हातारा गारठायलाय, खाट आत घे." "अक्का, आत तेंचं तोंड काळं येतं." मी मनले, "तुझं तोंड काळं व्हायलंय ते बघ आधी!" खाट मी अन् श्रीदेवीनं मिळून आत ओढली. सांजच्याला परत दारात.

शेवटी मायचं डोस्कं फिरलं. तिनं बिरप्पाच्या देवळातून भंडारा आणला अन् ताटलीत घालून तेच्या पुढं ठेवला. भंडारा मनजे देवाची हळद. ती उचलून दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत न्हाई, मोडला तर पिढीला लागतो मनतेत. माय मनली, "उचल. मागावर हाय तवर मोबाइलला हात लावणार न्हाई मन."

महांतेशनं आढेवेढे घेतले न्हाईत. चिमूट उचलली, कपाळाला लावली. "मागावर हाय तवर मोबाइलला हात लावणार न्हाई." मला बरं वाटलं. मनलं चला, आता चार दिसात अप्पाच्या अंगावर घोंगडी पडंल.

दुसऱ्या दिशी सकाळी गेले तर साहेब मागावर अन् समोर श्रीदेवी उभी, तिच्या हातात मोबाइल. "जरा वर धर. आता खाली घे. त्या ताईंना लिही, धन्यवाद. त्या ऑर्डरवाल्या शिवराजला लिही, लवकरच." श्रीदेवी बिचारी चूल सोडून, अप्पाची कांजी सोडून लिहायली. मी मनले, "का रे, काल भंडारा उचललास ना?" तर दोनी हात वर करून मलाच दाखवायला, "हात कुठं लावलाव अक्का? बोलल्यापरमाणंच चाललंय की."

देवाला फसवणारे लई बघितले, पर इतकं हसत फसवणारा आमच्याच घरात निघाला. मायनं भांडण केलं न्हाई. चरखा उचलून आत नेला, अन् मोबाइल चालू आसंपर्यंत ती बाहेर यायचीच बंद झाली. अप्पा खाटंवर पडून मागाकडं बघत राहायचा.

"किती राहिली रं?"

"थोडीच अप्पा."

"मग विण की."

"विणायलाव की अप्पा."

गुरप्पाकाका मधी मधी यायचा. अप्पाचे पाय चेपत बसायचा. आपल्या घोंगडीचं नाव काढायचा न्हाई. मी इचारलं तर मनला, "आधी पिराप्पाची होऊ दे. माझं काय, मी हिंडता-फिरता हाव." बाहेरगावचे मेंढपाळ येऊन येऊन थकले अन् यायचे बंद झाले. एकुलता एक माग अडकलेला, घोंगड्या विणणार कशावर? पुण्यावालेबी चिडायला लागले. तेंनाबी 'लवकरच'. धंद्याचा मोबाइल झाला अन् मोबाइलचा धंदा, आसं श्रीदेवी मनली ते काय खोटं न्हाई.

मग बिदरहून बोलावणं आलं. मोबाइलवर धंदा वाढवणाऱ्या पोरांचा कायतरी मेळावा व्हता अन् तिथं महांतेशचा सत्कार. त्या दिशी अप्पाची छाती घरघर करायली. माय मनली, "जाऊ नको." अप्पा मनला, "जायचं तर जा, पर घोंगडी उतरवून जा. हातभर तर राहिलीय." खरंच हातभरच राहिली व्हती. एका दिसाचं काम. महांतेश मनला, "अप्पा, शेवटचा भाग आसा घाईत कसा काढू? लोक वाट बघायलेत. आल्यावर नीट काढतो." मागावर प्लास्टिक टाकलं, कडंनं इटा ठेवल्या अन् गेला शाल पांघरून घ्यायला. बाप हिकडं थंडीनं कुडकुडायलाय, अन् पोरगा तिकडं शाल पांघरून घ्यायलाय! सत्कार झाल्यावर संगतीची मंडळी बसवकल्याणला निघाली तर हाबी तेंच्यासंगं. तिथले व्हिडिओ आमी हितं बसून बघायचो. हसायलाय, हात हलवायलाय.

घरी आला तो मोबाइल श्रीदेवीच्या हातात देतच आला. शाल तशीच खांद्यावर. मागापाशी बसला अन् सुरू, "नमस्कार मित्रांनो, ज्या दिवसाची तुम्ही वाट बघत होता तो दिवस आला. आज अप्पांची घोंगडी पूर्ण होणार." अन् प्लास्टिक ओढलं.

खालून उंदरं पळाली. विणलेल्या भागाच्या पुढची उभी सुतं मधोमध कुरतडून लोंबायलेली. खड्ड्यात लोकरीचा भुगा. श्रीदेवीच्या हातातला मोबाइल खाली आला, तर हा मनतो, "धरून ठेव, बंद करू नको."

माय आतून चाचपत आली. तुटकी सुतं बोटांनी बघितली अन् तिथंच खाली बसली. "ती लोकर आता कुठून आणायची रे," एवढंच मनली. अप्पानं खाटंवरून सगळं बघितलं. मला वाटलं आता शिवी देईल, काठी मारील. द्यायला पाहिजे व्हती. पर तो दम खात खात मनला, "गाठी मार. एकेक सूत धर अन् गाठ मार. उठला न्हाईस तर दोन दिसात होईल. मी हाय तवर कर."

मी भिंतीकडं तोंड केलं. माझ्यानं बघवंना.

अन् ह्यानं काय केलं? उंदराचा व्हिडिओ टाकला! आजपर्यंत तेचा कुठलाच व्हिडिओ एवढा पळाला नव्हता. "अरेरे." "डोळ्यात पाणी आलं दादा." "आता अप्पांचं कसं होणार?" गाठी मारायला बसला, न्हाई मनत न्हाई मी. एक काठ बांधून काढलाबी. पर गाठी मारताना कोण बघतंय? गाठीत बघण्यासारखं काय न्हाई. मान अवघडती, डोळे दुखतेत, अन् बाजूला मोबाइल सारखा वाजायलाय. तेचा हात थांबायचा, बोटं तिकडं जायची. भंडाऱ्याची आठवण कुणी काढली न्हाई, तेनंबी न्हाई अन् आमीबी न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळी मी अप्पासाठी ज्वारीच्या कण्या घेऊन गेले. श्रीदेवी पाण्याला गेल्ती, माय आत चुलीपाशी. महांतेश मागापाशी, मोबाइल डब्याला टेकवून उभा केलेला. लाइव्ह चाललं व्हतं. लाइव्ह मनजे हितं बोललेलं लोकांना त्याच टायमाला दिसतं. तुटका ताणा दाखवत बोलायलाय. तेच्या पाठीमागं दारात अप्पाची खाट. लोक लिहायलेत अन् हा मोठ्यानं वाचायलाय.

"'दादा, खचू नका.' धन्यवाद सर. 'उंदरांसाठी मांजर पाळा.' व्हय ताई, पाळू. 'अप्पा कसे आहेत?' अप्पा बरे हायेत. 'दादा, मागे अप्पांकडे बघा.' 'दादा, अप्पांचा हात बघा.' व्हय व्हय, दाखवतो ना, थांबा, सगळ्यांना अप्पाला बघायचंय."

तेनं वळून बघितलं न्हाई. मोबाइल उचलला अन् पाठीमागं धरला, लोकांना अप्पा नीट दिसावा मनून.

मी उंबऱ्यात व्हते. अप्पाचा हात खाटंखाली लोंबायला व्हता. तोंड उघडं. डोळे मागाकडं. माझ्या हातातलं भगुनं पडलं. मी वरडले, "महांतेश, आरं येड्या, अप्पा गेला!" तवा तेनं बघितलं. आधी मोबाइलमधी बघितलं, मग अप्पाकडं.

कुठल्या गावच्या कुण्या माणसाला माझा बाप गेलेला आधी दिसला, अन् चार पावलांवर बसलेल्या पोराला दिसला न्हाई. देवा, हे बघायला मला त्या टायमाला उंबऱ्यात कामून आणलंस?

महांतेश लई रडला. खाटंच्या पायावर डोकं आपटून रडला. "अक्का, आज पुरी केली आसती गं, खरंच केली आसती." मी तेला जवळ घेतलं न्हाई. जवळ घ्यावं आसं वाटलंच न्हाई मला, अन् अजूनबी वाटत न्हाई.

भावकी जमली. अंघोळ घातली. आता खाली अंथरायला घोंगडी पाहिजे. मागावर घोंगडी हाय, पर अपुरी, पुढं तुटकी सुतं लोंबायलेली. भावकीतला हावगेप्पा मनला, "तेवढी कापून घ्या, काय होतंय." माय मनली, "न्हाई. जन्मभर लोकांना पुरी घोंगडी दिली तेनं. अपुरीवर मी तेला पाठवणार न्हाई." घरात दुसरी एकबी नव्हती. जेवढ्या व्हत्या तेवढ्या कुरिअरनं गेलेल्या. कुणीतरी दुकानातलं ब्लँकेट आणलं, गुलाबी फुलांचं, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच. पिराप्पा घोंगडीवाल्याला दुकानातलं ब्लँकेट! लोक एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं धरणी फाटावी.

गुरप्पाकाका मागं उभा व्हता. गर्दीतून पुढं आला. खांद्यावरची ती विरलेली घोंगडी काढली, दोनदा झटकली अन् जमिनीवर अंथरली. जाळी झालेली जागा हातानं सारखी केली.

"तेनंच विणून दिल्ती मला," मनला. "जुनी हाय, पर पुरी हाय."

महांतेश तेच्या पायावर पडला. गुरप्पाकाकानं तेला उठवलं न्हाई. नुसत्या सदऱ्यावर तो सगळ्यांसंगं गेला. अप्पासंगं ती घोंगडी मातीत गेली, अन् म्हातारा त्या थंडीत तसाच मेंढरांकडं निघून गेला.

तुमाला वाटंल, आता तरी सुधारला आसंल. मलाबी वाटलं. दिवस होईस्तोवर श्रीदेवीनं मोबाइल पेटीत घालून कुलूप लावलं व्हतं. दिवस झाले अन् तेनं चावी मागितली. लोक इचारायले आसतील मनला. अप्पाच्या फोटोला हार घातलेला व्हिडिओ टाकला, हात जोडून रडला, अन् ऑर्डरी आल्या त्या आल्याच. आता घोंगड्या बाहेरून तयार येतेत, मशीनवरच्या. मायनं चरख्याला परत हात लावला न्हाई. मागावर अजून तोच तुटका ताणा हाय. मी मनले, "काढ तो, माग मोकळा कर, निदान त्या म्हाताऱ्याची एक विण." तर मनतो, "अक्का, ती अप्पाची आठवण हाय, लोकांना बघायची असती." रोज तेच्यापुढं बसून बोलतो. लोक अजून इचारतेत, "दादा, अप्पांची घोंगडी पूर्ण कधी करणार?"

परवा झड लागली व्हती. मी माहेरी गेल्ते, मायच्या डोळ्यात औषध घालायला. गुरप्पाकाका डोस्क्यावर खताचं रिकामं पोतं घेऊन दारात उभा राहिला. पोत्यातून पाणी गळायलं, सदरा अंगाला चिकटलेला.

"महांतेश, बाबा, माग मोकळा झाला का रे?"

महांतेश मोबाइलवर बोटं चालवायला व्हता. मान वर केली न्हाई.

"लवकरच, काका."

गुरप्पाकाकानं पोत्यावरचं पाणी झटकलं. मग पोतं डोस्क्यावर सारखं केलं अन् पावसात मेंढरांमागं गेला.